सतरा नंबरच्या खोलीतला लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुना लाल ठिपका आहे. आकाराने मसुराच्या दाण्याएवढा. मुलींच्या वसतिगृहाच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला पत्रांचे लाकडी खण आहेत आणि त्यांच्या वरच्या भिंतीवर एक करडे पोस्टर चिकटवलेले आहे. त्यावर दोनशे बारा ठिपके आहेत. त्यांतल्या दुसऱ्या रांगेत, उजवीकडच्या टोकाजवळ जो एकटाच ठिपका दिसतो, तो मी. जन्मलो तेव्हा मी पांढरा होतो. लाल कसा झालो आणि अजूनही लालच का आहे, ते सांगतो. फार वेळ घेणार नाही; तुम्ही तुमचे पत्र शोधेपर्यंत ऐका.

माझा जन्म ग्रंथालयाच्या जिन्यामागच्या एका अरुंद खोलीत, एका संगणकात झाला. त्या खोलीत दोन खुर्च्या, एक डुगडुगणारे टेबल आणि छताला भिडलेले फायलींचे कपाट होते. टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता. तिथे दोन माणसे काम करत. एक समाजशास्त्राच्या बाई आणि दुसरे गणिताचे सर. सर हे बाईंचे धाकटे दीर. चारचौघांत ते बाईंना मॅडम म्हणत, पण दार लोटले की लगेच वहिनी. संगणकाला कान कुठले, असे तुम्ही म्हणाल. पण बाई परगावच्या लोकांशी त्याच संगणकावरून बोलत, म्हणून त्याला एक डोळा आणि एक कान जोडलेला होता. तो सतत चालूच राहायचा. त्यामुळे खोलीतले सगळे मला कळत होते.

बाईंना एक गोष्ट शोधायची होती. वसतिगृहात नव्याने आलेल्या काही मुली पहिल्या दिवशी दारूला शिवलेल्याही नसतात आणि सत्र संपेपर्यंत पिऊ लागतात. हे मैत्रिणींमुळे होते का? आणि होत असेल तर कुठे थांबवता येईल? खऱ्या मुलींवर असा प्रयोग करता येत नाही, आणि करूही नये. म्हणून सरांनी संगणकात एक खोटे वसतिगृह बांधले. प्रत्येक मुलीकडून एक फॉर्म भरून घेतला आणि प्रत्येक फॉर्ममागे एक ठिपका तयार केला. फॉर्मच्या डोक्यावर बाईंनी स्वतःच्या सहीने लिहिले होते, ‘तुमची उत्तरे कुणालाही सांगितली जाणार नाहीत.’ नावे काढून टाकली आणि नंबर दिले. मी एक्केचाळीस नंबरचा.

फॉर्मला दोन पाने होती. पहिल्या पानावर विचारले होते, आठवड्यात किती ग्लास पिता? माझ्या मुलीने लिहिले, शून्य. दुसऱ्या पानावर जवळच्या पाच मैत्रिणींची नावे लिहायची होती. माझ्या मुलीने त्या पाचही ओळी कोऱ्या ठेवल्या आणि त्यांच्यावरून एक तिरकी रेघ ओढली. तिला मी माझी मुलगी म्हणतो, कारण तिच्याच कागदातून मी निघालो. दुसरे नाते सांगायला माझ्याकडे काही नाही.

आता माझे काम ऐका. मी दर आठवड्याला ज्या मैत्रिणींशी जोडलेला आहे त्यांच्याकडे बघायचे, त्या सरासरी किती पितात ते मोजायचे आणि त्या आकड्याकडे थोडे सरकायचे. शून्य असलो तर पांढरा, आकडा वाढला की गुलाबी आणि फार वाढला की लाल. सरासरी काढायची तर मैत्रिणींच्या संख्येने भागावे लागते. माझ्या मैत्रिणी शून्य. शून्याने भागायला सांगितले की संगणक हात वर करतो. पहिल्याच दिवशी सगळा प्रोग्रॅम माझ्यापाशी येऊन अडला.

“भाऊजी, काय झालं?” बाईंनी विचारले.

“एक्केचाळीसची यादी रिकामी आहे. अशा एकोणीस निघाल्यात.”

“विसरल्या असतील लिहायला.”

“असतील. तात्पुरतं मी त्यांना शेजारच्या खोलीशी जोडून टाकतो. नंतर बघू.”

ते ‘नंतर’ काही उगवले नाही. माझ्या मुलीची खोली सतरा नंबरची. जिन्याला लागून असल्यामुळे तिच्यात एकच खाट मावते. शेजारी अठरा नंबरची कोपऱ्यातली मोठी खोली. तिथे चौघी राहत आणि चौघींनी फॉर्मवर मोठमोठे आकडे लिहिले होते. निदान त्या खरे बोलल्या, एवढे मी म्हणेन. सरांनी मला त्या चौघींशी जोडले, तेही एकाच बाजूने. मी त्यांच्याकडे ओढला जायचो आणि त्यांना माझी खबरही नसायची.

मग फेऱ्या सुरू झाल्या. एक फेरी म्हणजे एक सत्र, पंधरा आठवडे. पहिल्या आठवड्यात मी पांढरा आणि नवा, उत्साहात असायचो. दुसऱ्या आठवड्यात कडेने जरासा गुलाबी. सहाव्यात चार ग्लास. पंधराव्यात गडद लाल. मग सर एक बटण दाबायचे आणि मी पुन्हा पहिल्या दिवशीच्या दारात. मित्रांनो, मी हजार वेळा त्या वसतिगृहात राहायला आलो. हजार वेळा मला ठाऊक होते की पुढे काय आहे, कारण प्रत्येक फेरीची नोंद आमच्याच पोटात साठवली जायची. तरी मला एकदाही मागे वळता आले नाही. ग्लास म्हणजे नुसता आकडा होता. त्याला वास नव्हता, चव नव्हती, मला तो आवडतही नव्हता. पण ‘नको’ म्हणण्याची ओळ प्रोग्रॅममध्ये लिहिलेलीच नव्हती. खोली बदलण्याचीही नव्हती. मी थांबायचा प्रयत्न केला. पण पाय रोवायला आधी पाय असावे लागतात.

तुम्हाला खरे सांगतो, पुढे मला त्याची सवय झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे थोडा गर्वही झाला. कारण माझे कौतुक होऊ लागले. इतका पांढरा ठिपका इतका लाल होताना दुसरा कोणताच दिसत नव्हता. पाहुणे आले की सर मलाच दाखवायचे. “हा बघा, एक्केचाळीस. याच्यावर लक्ष ठेवा.” लोक खुर्च्या पुढे ओढायचे. मी लाल झालो की कुणीतरी चुकचुकायचे आणि मग सगळे वह्यांत काहीतरी लिहायचे. एकदा तर मोठ्या सभागृहाच्या पडद्यावर मी ताटाएवढा झालो होतो. त्या दिवशी मी अगदी हवेत होतो.

बाईंना मात्र माझ्याकडे बघून एकदा शंका आली होती. “भाऊजी, ही मुलगी शून्यावरून इतकी कशी चढते हो?” सर म्हणाले, “वहिनी, संगत.” बाईंनी ते तिथेच सोडले. त्यांना परिषदेच्या तयारीची घाई होती आणि पोस्टर छापायला टाकायचे होते.

ते पोस्टर म्हणजे हेच. नावे काढली म्हणजे आपले काम चोख झाले, असे दोघांनाही वाटत होते. पण ठिपके मांडायचे कसे, हा प्रश्न आला तेव्हा सरांनी सोपा मार्ग काढला. त्यांनी ते इमारतीतल्या खोल्यांच्या क्रमाने मांडले. तळमजला खाली, दुसरा मजला वर, डावीकडच्या खोल्या डावीकडे. चित्र फार सुबक दिसत होते. शास्त्रातल्या लोकांना ते आवडले. पण वसतिगृहात राहणाऱ्या माणसाला ते चित्र म्हणजे उघडी खिडकी होती. मुलींनी विश्वासाने लिहिलेले सगळे त्यातून दिसत होते, आणि दोन शिकल्यासवरल्या माणसांच्या हे ध्यानीमनीही नव्हते.

परिषदेनंतर वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम त्या जिन्यामागच्या खोलीत आल्या. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, त्यामुळे त्या येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. रेक्टर मॅडम दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो. गेल्या वर्षी एका मुलीला शुद्ध हरपलेल्या अवस्थेत त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात नेले होते. त्या मुलीची आई दाराशी बसून होती, तिला काय सांगायचे हे त्यांना सुचत नव्हते. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. त्यांनी पोस्टरची एक प्रत मागून घेतली. मग तिथेच उभ्या राहून बोटाने खोल्या मोजू लागल्या.

“हा जिना. ही सतरा. एकच ठिपका, म्हणजे जिन्याजवळची. आणि ही अठरा, चौघी.” त्यांचे बोट खाली उतरले. “ही सहा नंबर.”

सरांच्या तोंडचे पाणी पळाले. बाई उठून म्हणाल्या, “मॅडम, हे असं बघायचं नसतं.”

“मग कसं बघायचं? तुम्हीच म्हणालात ना, आधी कळलं तर थांबवता येईल. मला आधी कळलं.”

आठ दिवसांत सहा मुलींच्या हातात पत्रे पडली. खबरदारी म्हणून महिनाअखेर खोली रिकामी करावी. आणि पोस्टर दाराजवळच्या भिंतीवर डकवले गेले, येणाऱ्याजाणाऱ्यांना जरब बसावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी जिन्यामागच्या खोलीत आली. तोपर्यंत मी तिला पाहिले नव्हते. उंच, खांद्याला कापडी पिशवी, बोटांना शाई लागलेली. ती नकाशे काढायला शिकत होती. दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, मी पीत नाही.”

“मला माहीत आहे. तू शून्य लिहिलं होतंस,” बाई म्हणाल्या. “बस आधी.”

ती बसली नाही. “घर इथून दहा तासांवर आहे. बाबांना हे पत्र दाखवलं तर ते सरळ म्हणतील, सामान बांध आणि परत ये. दुसरीकडे खोली घेऊन देणं त्यांना जमणार नाही. माझं शेवटचं वर्ष आहे.”

“तुझ्या मैत्रिणींमुळे तुझा आकडा चढला गं. तू ज्यांची नावं लिहिलीस...”

“मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही.”

बाईंनी कपाटातून फॉर्मचा गठ्ठा काढला आणि उभ्याउभ्याच चाळला. माझा कागद निघाला. पाच कोऱ्या ओळी आणि त्यावरून ती तिरकी रेघ. विसरलेले माणूस रेघ ओढत नाही, हे बाईंना त्या क्षणी कळले असावे. त्या खाली बसल्या.

“का नाही लिहिलीस?”

“पहिल्या पानावर विचारलंत, किती पिता. आणि लगेच दुसऱ्या पानावर मैत्रिणींची नावं. मला वाटलं, ही चहाडी होईल.”

“वर लिहिलं होतं ना, कुणाला सांगणार नाही म्हणून?”

मुलीने हातातले पत्र टेबलावर ठेवले. बाईंनी मान खाली घातली.

मग बाई म्हणाल्या, “आता नावं दे. फक्त मला. मी खऱ्या मैत्रिणी जोडते, तू पांढरी राहशील, आणि आज दुपारीच मी रेक्टरना दाखवते. दोन मिनिटांचं काम आहे.”

मित्रांनो, त्या वेळी मी आतून ओरडत होतो, दे, नावे दे. हजार फेऱ्यांत पहिल्यांदा सुटकेची वाट दिसत होती. माझ्या मुलीने बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला.

“त्यातली एक पिते,” ती म्हणाली. “सोडायचं म्हणतेय, पण पिते. मी पांढरी व्हावं म्हणून तिचं नाव दिलं, तर बोट तिच्याकडे वळेल, आणि मग पत्र तिला जाईल. नको बाई. पत्र मागे घ्यायचं असेल तर सगळ्यांचं घ्या. अठरातल्या चौघींचंही. त्यांनी खरं लिहिलं म्हणून त्या सापडल्या.”

ती गेल्यावर बाईंनी सरांना बोलावले. मी त्यांना त्या सुरात बोलताना कधी ऐकले नव्हते. “भाऊजी, त्या एकोणीस जणींच्या तारा तोडा.”

“वहिनी, अर्धा निष्कर्ष त्याच्यावर उभा आहे. लेख छापायला गेलाय.”

“तोडा. आणि ज्याला कुणी जोडलेलं नाही, त्याला आहे तिथे राहू दे.”

सर पुटपुटत बसले, पण बसले. त्यांनी एक ओळ लिहिली. एवढीशी ओळ, पण तिची मी हजार फेऱ्या वाट बघितली होती. मग बटण दाबले. पहिला आठवडा, पांढरा. दुसरा, पांढरा. सहावा आला तेव्हा मी भीतीने आक्रसून बसलो होतो, पण कुणी ओढलेच नाही. पंधराव्या आठवड्याच्या शेवटी मी जसा आलो तसाच पांढरा उभा होतो. माझ्याभोवती पसरणारी लाली अर्ध्यावर आली होती. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आपणच पाजली की हिला,” ते म्हणाले.

बाई तो निकाल आणि माझा फॉर्म घेऊन रेक्टर मॅडमकडे गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनी परत येऊन सरांना सांगितले. मॅडम म्हणाल्या, काल संगणक बरोबर होता, आज चुकला, मी कुणाचं ऐकायचं? बाई म्हणाल्या, संगणकाचं नका ऐकू. फॉर्मवर माझी सही आहे. तुम्ही त्यावरून एकीलाही बाहेर काढलंत, तर मला दोनशे बारा मुलींना लिहावं लागेल की मी त्यांना फसवलं. मॅडम बराच वेळ किल्ल्या चाळवत बसल्या. शेवटी सहाही पत्रे मागे घेतली. पोस्टर काढा म्हटल्यावर मात्र म्हणाल्या, पक्क्या गोंदाने लावलंय, काढलं तर भिंतीचा रंग निघेल.

सरांनी लेख परत मागवला. मग बाईंच्या सांगण्यावरून संगणकातले आम्ही सगळे ठिपके पुसायला घेतले, म्हणजे पुन्हा कुणी बोटाने मोजू नये. माझा नंबर आला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “चला, एक्केचाळीस.” एवढेच. संगणकातला मी पांढराच गेला. उरलो तो इथे, कागदावर, लाल.

एका दुपारी दारात कुणी नव्हते. माझी मुलगी आली. तिच्या हातात नकाशातल्या चुका झाकायच्या पांढऱ्या शाईची बाटली होती. मला वाटले, आली माझ्यासाठी. तिने खालून सुरुवात केली. आधी सहा नंबरची खोली पांढरी केली. मग अठरातल्या चौघी, एकेक करून, कडा सांभाळत, जशी ती नकाशावर करत असेल तशी. सगळ्यांत शेवटी ती माझ्याकडे वळली. बाटली हलवली, उलटी केली, कुंचला आत फिरवून पाहिला. काही उरले नव्हते. तिने कोरडा कुंचला माझ्यावर टेकवला. मी तसाच राहिलो. तेवढ्यात किल्ल्यांचा आवाज आला आणि ती बाटली पिशवीत टाकून निघून गेली.

सुरुवातीला मला फार वाईट वाटले. आधी माझ्यावरच का नाही लावली शाई, असे मी कितीतरी दिवस घोकत होतो. मग मला तिची तिरकी रेघ आठवली. ती तशीच होती, दुसऱ्यांना आधी झाकणारी. परीक्षेपर्यंत येताजाता मुली तिच्याकडे बघून कुजबुजत, कारण अख्ख्या पोस्टरवर गडद लाल मी एकटाच उरलो होतो. ती मूग गिळून जिना चढून जायची. नवी बाटली आणून स्वतःला पांढरे करावे, असे तिने केले नाही. तिच्या मनात काय होते ते मला माहीत नाही. ती उत्तीर्ण झाली आणि गेली. जाताना तिने खणातले शेवटचे पत्र घेतले आणि माझ्याकडे पाहिले, एवढे नक्की.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. रेक्टर मॅडम निवृत्त झाल्या, बाई आणि सर दुसऱ्या कामात गुंतले, कागदाचे कोपरे पिवळे पडले. मी मात्र अजून त्या पंधराव्या आठवड्यातच अडकून आहे. गेल्या आठवड्यात सतरा नंबरमध्ये एक नवी मुलगी राहायला आली. सामान खाली ठेवून तिने पोस्टर पाहिले, बोटाने जिना शोधला, खोली मोजली. तिच्या मागे उभ्या दोघीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. तिचा चेहरा एवढासा झाला. तिने अजून कुणाला नावही सांगितलेले नव्हते.

मित्रांनो, कुणी एखादी ओळ कोरी सोडली असेल, तर ती आपल्या मनाने भरू नका. कोरी ठेवण्यामागेही माणसाचे काही म्हणणे असते. आणि तुमच्यापैकी कुणाजवळ पांढऱ्या शाईचा एक थेंब असेल, तर दुसऱ्या रांगेत, उजवीकडच्या टोकाजवळ मी आहे. शाई नसली तरी हरकत नाही. सतरा नंबरची मुलगी कशी आहे हे मला विचारू नका, मला ते कधीच माहीत नव्हते. वर जा आणि दार वाजवा. ती आत एकटीच बसली आहे.